संधी-बिंदू क्रमांक सात

३ नोव्हेंबर, सोमवार

मानवजातीच्या इतिहासात अन्याय पुष्कळ झाले. आज त्यांत एकाची भर पडली. आमच्या विभागाच्या प्लॉटरमधली पिवळी शाई संपली.

ही शाई संपली की काय होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने नगररचनेवर बोलू नये. पण पुण्यात तसा नियम नसल्यामुळे सगळेच बोलतात. पिवळी गेली की हिरवी जाते. हिरवी गेली की झाडे निळी उमटतात. गेली दोन वर्षे मी ज्या उपनगराची पुनर्रचना करतो आहे त्याचा सहा फुटी नकाशा आज निळ्या झाडांसकट बाहेर पडला. तो पाहून प्राचार्य म्हणाले, "वा ओव्हाळ, तळी छान घेतलीत."

भांडारपालाला विचारले, पिवळी शाई कधी येणार? "मागणी टाकलीय, सर." कधी टाकली? "उद्या टाकतो."

तर अशा परिस्थितीत कामे होत असतात, हे पुढील पिढ्यांना कळावे म्हणून आजपासून ही दैनंदिनी. प्रकल्पाचे नाव 'पायी उपनगर'. विषय सोपा आहे. हिंजवडीकडच्या आमच्या भागात प्रत्येक सोसायटी हा एक भुईकोट किल्ला आहे. दोनशे पावलांवरच्या दुकानात जायचे तर मुख्य गेटातून बाहेर पडून दोन किलोमीटरची प्रदक्षिणा घालावी लागते. आमच्याकडे शेजारी म्हणजे ज्याच्याकडे जायला गाडी काढावी लागते तो. माझे म्हणणे असे की भिंती योग्य जागी उघडा, माणसे आपोआप चालतील. अशा जागांना मी 'संधी-बिंदू' हे नाव दिले आहे. आतापर्यंत सहा सापडले. सहाही नकाशावर उत्तम चालतात.

९ नोव्हेंबर, रविवार

सातवा सापडला. तोही माझ्याच घराच्या मागे!

बाबा रोज संध्याकाळी पाचला काठी घेऊन बाहेर पडतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला एक्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघा दुखरा. सोसायटीच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारत असतील अशी माझी समजूत. आज ते मोबाइल विसरून गेले म्हणून मागोमाग गेलो. ट्रॅकवर नाहीत, बागेत नाहीत. कंपोस्टच्या खड्ड्यामागे मात्र त्यांची पाठ दिसली. तिथे सोसायटीच्या भिंतीला एक खिंडार आहे. बाबांनी काठी पलीकडे कोणाच्या तरी हातात दिली, एक पाय टाकला, मग दुसरा, आणि दिसेनासे झाले. मीही गेलो. सदरा विटेला अडकला.

पलीकडे गावठाण. पिठाची गिरणी, तिला लागून पत्र्याची शेड, शेडखाली चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. तीन गावकऱ्यांबरोबर आमचे पिताजी मेंढीकोट खेळत होते.

"हा माझा मुलगा," बाबा पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाले. "प्रोफेसर आहे. त्याला काही येत नाही."

"म्हंजे पत्ते येत न्हाईत?" भैरू म्हणून एक पागोटेवाले गृहस्थ आहेत, त्यांनी विचारले. गिरणी आणि शेड त्यांचीच.

"पत्तेही येत नाहीत."

बाकीचे दोघे, पोपट आणि मच्छिंद्र, इतके हसले की पोपटरावांच्या हातची दश्शी सगळ्यांना दिसली. त्यावरून भांडण झाले. गिरणीतून भैरूंची सून शालन पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, आवाज कमी. दळण कमी, तुमचंच जास्त चाललंय." तेवढ्या वेळात आमच्या इमारतीतल्या दोन बायका डोक्यावर डबे घेऊन खिंडारातून आल्या आणि मला पाहून ओळख नसल्यासारख्या पुढे गेल्या.

तीन वर्षांपूर्वी ओढ्याचे पाणी चढले तेव्हा भिंतीचा तेवढा तुकडा पडला म्हणे. मी तीन वर्षे इथे राहतो, गेली दोन वर्षे याच विषयात काम करतो, आणि हे मला कोणी सांगू नये? लोकांत संशोधनाविषयी आस्थाच नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ऋतिकाला घेऊन मोजमाप केले. ही माझी संशोधन-साहाय्यक. हुशार आहे, मराठी बोलते तेव्हा त्यात मराठी शोधावी लागते. खिंडाराची रुंदी, उंची, उंबऱ्याची झीज सगळे टिपले. ड्रोनही उडवला. तो पाहून कोंबड्या पळाल्या, आणि मच्छिंद्रांनी नेम पोचणार नव्हता तरी एक दगड भिरकावला.

"सर, धिस इज सो ऑरगॅनिक! म्हणजे लोकांनी स्वतःच डिझाइन केलंय. लाइक, विदाउट अस."

"'विदाउट अस' हे अहवालात नको," मी म्हटले.

बाबा आत पाय टाकायच्या तयारीत उभे होते. "टेप काढ ना बाजूला. डाव सुरू झाला असेल."

"एकच मिनिट बाबा. रुंदी घेतो."

"कशाला? आम्ही मावतो त्यातून."

त्यांचा एक फोटो मात्र अप्रतिम आला. एक पाय अलीकडे, एक पलीकडे, हातात काठी, पलीकडून पुढे आलेला भैरूंचा हात. माझ्या दोन वर्षांच्या सिद्धान्ताला असा देह मिळाला.

१६ नोव्हेंबर, रविवार

संधी-बिंदू क्रमांक सातचा आराखडा पुरा केला. खिंडाराच्या जागी साडेचार मीटर रुंद प्रवेश. उतार, कठडा, ग्रॅनाइटची फरसबंदी. पलीकडे 'ज्येष्ठ नागरिक संवाद-कट्टा'. तिथून गावठाणातून थेट बसथांब्यापर्यंत पादचारी मार्ग. तो नकाशावर तांबड्या तुटक रेषेने दाखवला. शेड काढावी लागली. दृष्टिरेषेत येत होती.

चित्र तयार झाल्यावर बाबांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसून पाहिले.

"हे चौघं कोण हसताहेत?"

"प्रातिनिधिक ज्येष्ठ आहेत."

"यांना दात बरे आहेत. आणि हा कुत्रा?"

"तोही प्रातिनिधिक."

"मेंढीकोट खेळतो?" आणि चित्र जवळ धरून, "भैरूचा पत्रा कुठं गेला?"

"काढला."

"भैरूला विचारलं?"

मी समजावून सांगितले की लोकसहभाग हा स्वतंत्र टप्पा आहे आणि तो सादरीकरणानंतर येतो. बाबांनी चष्म्याची घडी करून तो खिशात ठेवला. त्यांच्या पिढीला प्रक्रिया समजत नाही.

आम्रपालीला, म्हणजे बायकोला, विचारले, तुला कसे वाटते? ती बँकेत आहे, कर्जाच्या फायली पाहून तिच्या नजरेला एक सवय लागली आहे. म्हणाली, "छान आहे. नको करूस."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सादरीकरण झाले. टाळ्या, टाळ्या आणि टाळ्या. अधिकारी होते, दोन विकासक होते, एक वार्ताहर होता. पहिल्याच पडद्यावर बाबांचा फोटो. सभागृहात 'अहा' असा आवाज उठला. एक विकासक चहाच्या वेळी म्हणाले, "सर, असं खिंडार आम्हाला नव्या प्रोजेक्टमध्ये टाकता येईल का? म्हणजे डिझाइन करून? लोकांना हल्ली गाव आवडतं." मी विचार करतो म्हणालो. चहा वाईट होता.

३० नोव्हेंबर, रविवार

पुरवणीत अर्धे पान आले! 'भिंतीतून उगवणारे उपनगर'. फोटो मोठा, नकाशा मोठा, माझे नाव बरोबर छापलेले. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी म्हणजे पर्वणीच. सकाळी आठलाच सोसायटीच्या ग्रुपवर टाकले.

आधी जोडलेले हात आले. मग फुले. मग पंधरा मिनिटे शांतता. मग सातव्या मजल्यावरून एकाने विचारले: "ही आपली भिंत आहे का?"

अकराला अध्यक्ष भोईटे घरी आले. इंद्रजीत भोईटे वाहनांच्या कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, तेव्हापासून सोसायटी चालवतात. म्हणजे काही होऊ नये याची काळजी घेतात.

"अभिनंदन सर," ते म्हणाले. "काय करून ठेवलंत हे?"

"का बरं?"

"अहो, 'मागील भिंतीची दुरुस्ती' हा विषय गेली तीन वर्षं प्रत्येक सभेत येतो. आणि प्रत्येक सभेत आपण काय लिहितो? 'पुढील सभेत घ्यावा.' तुम्हाला काय वाटलं, आम्हाला गवंडी मिळत नाही?"

"मग?"

"मग काय मग! भिंत पडलीय हे कोणालाच माहीत नाही आणि जातात सगळे तिथूनच. आमची ही दळण तिथूनच आणते. कामवाल्या तिथून येतात. पोरं तिथून शाळेला जातात. सगळं व्यवस्थित 'पुढील सभेत' चाललं होतं. आता तुम्ही पेपरात छापलंत. आता मला माहीत झालं. अध्यक्षाला माहीत झालं, की अध्यक्षाला काहीतरी करावं लागतं."

मी त्यांना म्हणालो की हीच वेळ आहे, संधीला औपचारिक रूप द्या. ते आम्रपालीकडे वळून म्हणाले, "वहिनी, पाणी द्या जरा."

निर्णय घेण्याची भीती हा आपल्या समाजाचा जुना आजार आहे.

६ डिसेंबर, शनिवार

बाबांना घेऊन सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला जाऊन आलो. पांढरा सदरा, निळे उपरणे. गर्दीत त्यांचा गुडघा दुखला, पण माझा हात घेतला नाही. परतताना स्वारगेटजवळ अर्धा तास अडकलो. मी विचारले, संध्याकाळी डावाला जाणार का? "आजच्या दिवशी खेळत नाही आम्ही," ते म्हणाले. "भैरूसुद्धा पत्ते काढत नाही."

भैरूंना काय कळवळा असणार, असे मनात आले. विचारले नाही.

१० डिसेंबर, बुधवार

धक्कादायक. खिंडाराच्या पलीकडून गावकऱ्यांनी पत्रे ठोकायला घेतले! ज्यांच्यासाठी मी हे सारे करतो आहे तेच.

कॉलेजातून आल्याबरोबर तसाच गेलो. भैरूंचा मुलगा ऋषी ड्रिल घेऊन उभा. हा आयटीवाल्या पोरांना खोल्या भाड्याने देतो. त्याच्या हातात पुरवणीचे पान.

"सर, ही तांबडी रेघ तुमची का?"

"ती संकल्पनात्मक रेषा आहे."

"आमच्या चुलत्याची अकरा गुंठं अशीच संकल्पनेत गेली. रोडला. अजून मोबदल्याची फाइल फिरतीय."

"अहो, हा अधिकृत आराखडाच नव्हे. हे शैक्षणिक आहे."

"शैक्षणिकला साहेब लोक कशाला बसले होते मग? ह्या दुसऱ्या फोटोत कोण हाय?"

पानावरच्या सभागृहाच्या छोट्या फोटोत खरोखरच अधिकारी होते. मी म्हणालो की आरक्षणाचा यात संबंध नाही. 'आरक्षण' हा शब्द तोंडातून निघाल्याबरोबर आजूबाजूच्या चार माणसांनी माना वळवल्या आणि ते एकमेकांकडे बघू लागले. आतापर्यंत त्यांना शंका होती. ती मी दूर केली असे दिसते.

भैरू खुर्चीत बसून होते. "माझा तुमच्यावर राग न्हाई, सर," ते म्हणाले. "पर नकाशात रेघ आली की आमच्यात झोप उडती. पोरगं ऐकंना. मी म्हनलं, बाबुराव येतात रं तिथनं. तो म्हनला, बाबुराव येतात म्हनूनच तर फोटो निघाला."

१४ डिसेंबर, रविवार

विशेष सर्वसाधारण सभा. क्लबहाऊस भरले होते. विषय एकच.

आधी सुरक्षेवर भाषणे झाली. चोर, साप, डेंग्यू आणि भाडेकरू हे सगळे त्या खिंडारातून येतात असे निष्पन्न झाले. ज्या दोन बायका डोक्यावर दळण घेऊन माझ्यासमोरून गेल्या होत्या, त्यांतल्या एकीनेच विचारले, "पण असं भगदाड होतं आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही?" भोईटेंनी छताकडे पाहिले.

मग मी बोललो. सादरीकरणाचे चाळीस पडदे दाखवले. वातावरण गंभीर झाले. निदान शांत तरी झाले. मी माझी भूमिका स्पष्ट मांडली की पडझडीने झालेले खिंडार आणि विचारपूर्वक केलेला प्रवेश यांत मूलभूत फरक आहे. अनौपचारिक आधी बंद व्हावे, म्हणजे औपचारिक उघडता येईल. दोन्ही बाजू समंजस असतील तर सहा-आठ महिन्यांत परवानग्या मिळतील.

भोईटे म्हणाले, "म्हणजे सर, आत्ता बंद करायला तुमची हरकत नाही?"

"तात्त्विकदृष्ट्या नाही."

"सूचक मी. अनुमोदक?"

कोणीच हात वर करेना. सभा अशी लटकत राहणे मला पाहवेना. अनुमोदन मी दिले.

बाबा शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. फ्लॅट त्यांच्या नावावर नसल्यामुळे त्यांना मत नाही. आम्रपालीने हात वर केला होता, विरुद्ध. पण एका फ्लॅटला एकच मत आणि ते मी दिलेले होते. घरी आल्यावर ती म्हणाली, "कर्जाचा हप्ता दोघांचा, मत एकाचं." जेवण मात्र गरम होते.

१८ डिसेंबर, गुरुवार

भिंत झाली. दुपारपर्यंत विटा, संध्याकाळी गिलावा. दर्जा चांगला आहे.

पाचला बाबा काठी घेऊन निघाले. मी अडवले नाही, मला वाटले त्यांना माहीत आहे. थोड्याच वेळात परत आले.

"चांगली बांधलीय," म्हणाले. "ओली आहे अजून."

२३ डिसेंबर, मंगळवार

बाबा टीव्ही पाहतात. सकाळीही पाहतात. मी सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे वेळापत्रक आणून दिले. सोमवारी हास्ययोग, बुधवारी आरोग्यविषयक व्याख्यान, शुक्रवारी जुनी गाणी. म्हणाले, "हसायला सोमवारपर्यंत थांबायचं?"

त्यांनी परवा मुख्य गेटातून जायचा प्रयत्न केला, हे आज कळले. आमच्या गेटाबाहेर पदपथ नाही. खडीचे डंपर आणि कंपन्यांच्या बस. वॉचमनने त्यांना वळणावरून हाताला धरून परत आणले आणि मला फोन करण्याऐवजी आम्रपालीला केला.

काल तर उलट झाले. भैरू स्वतः आले होते. रस्त्यावरून, वळसा घालून, भेटायला. वॉचमनने ॲपवर नोंद करायला घेतली. कोणाकडे? बाबुराव ओव्हाळ. बाबांकडे साधा फोन, त्यावर मंजुरीचा संदेश येत नाही. भेटीचे कारण? "पत्ते." ॲपमध्ये पत्ते नाहीत. पाहुणा, डिलिव्हरी, कॅब आणि दुरुस्ती एवढेच आहे. वॉचमनने बिचाऱ्याने 'डिलिव्हरी' दाबले आणि भैरूंना पार्सलच्या बाकड्यावर बसायला सांगितले. मंजुरी माझ्या फोनवर मागितली गेली. मी वर्गात होतो, दिली नाही.

"मी काय पार्सल हाय का?" एवढे म्हणून ते उठून गेले म्हणे.

रात्री बाबांना मी म्हणालो की हा संक्रमणकाळ आहे. औपचारिक प्रवेश झाला की प्रश्न राहणार नाही.

"संजय," ते म्हणाले, "तू भिंती शिकलास. मी पाहिल्यात. आमच्या गावात भिंत नव्हती, तरी कुठं थांबायचं ते ठाऊक होतं. इथं भिंत होती आणि तिच्यातून मी रोज जात होतो. तीन वर्षं. मला कोणी विचारलं नाही, कोण, कुठला, कशाला. एवढंच." मग आवाज वाढवून बातम्या लावल्या.

हे ते का बोलले, नीट कळले नाही. थकले असावेत.

२ जानेवारी, शुक्रवार

पहिले पारितोषिक! राष्ट्रीय पातळीवरच्या भित्तिपत्रक स्पर्धेत 'संधी-बिंदू क्रमांक सात'. प्राचार्यांनी पेढे वाटले. शाई आली आहे. झाडे हिरवी आहेत.

ऋतिका भित्तिपत्रकाजवळ रेंगाळत होती. "सर, खाली एक छोटी नोट टाकू का? की, यू नो, 'नाऊ क्लोज्ड'?"

"ते वर्तमान झालं. आपण भविष्य दाखवतो."

"हो, पण सर, त्या फोटोतले आजोबा..."

"माझे वडील आहेत ते."

"म्हणूनच सर," ती म्हणाली, आणि पेढा न खाता निघून गेली. हल्लीच्या मुलांना गोड चालत नाही.

७ जानेवारी, बुधवार

आज भिंतीवरून एक डबा आला.

पलीकडे शालन तेलाच्या पिंपावर चढली असावी. अलीकडे आमचा माळी होता, त्याने हात वर करून घेतला आणि घरी आणून दिला. "आजोबांना द्या म्हणाल्या." स्टीलचा, दोन खणांचा. वर भाकऱ्या, खाली पावट्याची उसळ. बाबांनी टीव्ही बंद केला. पाटावर बसावे तसे टेबलाशी नीट बसले आणि सगळे संपवले. मला घेतोस का म्हणूनही विचारले नाही. मग उठून डबा स्वतः घासला, पुसला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

संध्याकाळी ग्रुपवर भोईटेंची सूचना. 'मागील भिंतीवरून वस्तूंची देवाणघेवाण होत असल्याचे निदर्शनास आले आहे. भिंतीवर काटेरी तार बसवण्यात येत आहे.' खाली सातव्या मजल्यावरचा अंगठा. नंतर भोईटे मला लिफ्टमध्ये भेटले. "काय करू सर, कोणीतरी फोटो टाकला. दिसलं की करावं लागतं." त्यांच्या हातात तयार पिठाची पाच किलोची पिशवी होती. "भाकरी थापता येत नाही याची," ते हळूच म्हणाले. "तुटते."

१० जानेवारी, शनिवार

डबा टेबलावरच आहे. जेवताना मधे येतो. मी दोनदा उचलून ओट्यावर ठेवला, दोनदा परत टेबलावर आला.

"माळ्याबरोबर पाठवून देऊ," मी म्हटले.

"तार लागलीय," आम्रपाली म्हणाली. "आणि रिकामा जायचा नाही."

"मग त्यात घाल काहीतरी."

तिने पोळी लाटता लाटता माझ्याकडे पाहिले. "मत तू दिलंस. शिराही तूच कर."

बाबा म्हणाले, "आमच्या लहानपणी त्या आळीतून डबा यायचा नाही. यायचं ते वरून ओंजळीत पडायचं. परत द्यायला काही उरायचंच नाही." जरा वेळाने म्हणाले, "म्हणून हा घरात पडून राहू नये, असं वाटतं. बाकी काही नाही."

आम्रपालीचे लाटणे थांबले होते. मी उठून रवा कुठे असतो ते विचारले.

१२ जानेवारी, सोमवार

'पायी उपनगर' प्रकल्पात प्रत्यक्ष पायी जाऊन केलेली पाहणी राहून गेली होती. ती आज केली. त्यासाठी रजा टाकली.

शिरा केला. रवा भाजताना फोन आला, तो घेतला. त्यामुळे एका बाजूने तांबूस आणि दुसऱ्या बाजूने गोरा झाला. पाणी एकदम ओतले. ढवळत राहिलो. डबा भरला. बाबा टीव्हीसमोर होते, पण टीव्हीचा आवाज बंद होता.

प्रथम गाडी काढली. गेटाबाहेर कंपन्यांच्या बसची रांग लागलेली. गाडी निम्मी आत, निम्मी बाहेर अशी उभी राहिली. मागून हॉर्न. वॉचमन म्हणाला, "सर, एवढ्यात हलत नाही." गाडी मागे घेतली आणि डबा घेऊन चालत निघालो.

नोंदी: पदपथ नाही. जिथे पदपथ असावा तिथे गटाराची झाकणे आहेत, आणि काही ठिकाणी झाकणेही नाहीत. डंपर अंगाजवळून जातो तेव्हा आधी वारा लागतो, मग आवाज येतो. वळणावर माणूस दिसत नाही. म्हणजे माणसाला गाडी दिसते, गाडीला माणूस दिसत नाही. एक हात डब्यावर ठेवावा लागतो, धूळ जाते. वळणाजवळ मी थांबलो. वॉचमनने बाबांना परत आणले ते इथूनच. तिथून पलीकडे जायला मला तीन प्रयत्न लागले, आणि माझा गुडघा चांगला आहे.

भिंतीच्या या बाजूला आता पत्रे, त्या बाजूला विटा, वर तार. मधे हातभर जागा. तिथे गवत आले आहे.

गिरणी चालू होती. शेडखाली तिघे होते, पत्ते नव्हते. पोपट मोबाइल पाहत होते, मच्छिंद्र डोळे मिटून. चौथ्या खुर्चीवर दळणाचे डबे रचून ठेवलेले. मला पाहून कोणी उठले नाही.

शालन बाहेर आली. मी डबा पुढे केला. तिने झाकण काढून पाहिले.

"वहिनींनी केला?"

"मी."

"गुठळ्या हायत की."

"हो."

"रवा भाजताना फोनवर हुता का?" ती हसली नाही. आत गेली, बशा घेऊन आली, आणि तिघांना वाढले. भैरूंना जरा जास्त. मग चमच्याने उरलेला गोळा करून उभ्या उभ्या स्वतः खाल्ला. घरातून ऋषी आला, त्याने माझ्याकडे न बघता तिच्या हातातल्या बशीतला एक घास उचलला आणि परत आत गेला.

भैरूंनी बशी पुसून खाल्ली. "बाबुराव बरे हायत?"

"बरे आहेत."

"टीव्ही बघतात?"

"हो."

"वाईट हाय." ते मच्छिंद्रकडे वळले. "मच्छ्या, त्या खुर्चीवरचं दळन उचल. मानूस उभा हाय."

मी बसलो. शालनने डबा नळाखाली धरला, पदराला पुसला आणि गिरणीतल्या फळीवर तशाच दुसऱ्या डब्यांशेजारी ठेवून दिला.

घरी पोचलो तेव्हा बाबा दारातच होते.

"दिला?"

"दिला."

"उभ्यानंच?"

"नाही. बसलो थोडा."

त्यांनी माझ्या धुळीने भरलेल्या चपलांकडे पाहिले, आणि बाजूला सरून मला आत येऊ दिले.